आमच्या शाळेत पोहे मिळत नाहीत

शाळा बघायला आलेल्या माणसाला शेख मॅडम सगळ्यात आधी संडास दाखवायच्या. मी पूजाला पाचवीत घालायचं म्हणून गेलो, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, विचारायचे प्रश्न मनात घोकून गेलो होतो. बाईंनी बसा म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. "चला," म्हणाल्या आणि सरळ मैदानाच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. "हे पोरींचे. ह्यातल्या एकाला पानी येत न्हाई, कुलूप लावलंय. नगरपरिषदेला सांगून सांगून जीभ झिजली माझी. बाकीचे साफ हायत, दार उघडून बघा. आता बोला, फुडं बघायचं का घरी जायचं?"

बुटक्या, सावळ्या, सुती साडीचा पदर डोक्यावरून घेतलेल्या या मुख्याध्यापिकेचा आवाज मात्र फौजदाराचा होता. मी मागोमाग गेलो.

बीडमध्ये शाळा कशी निवडतात ते मला पाठ आहे, कारण कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि सगळे पालक दाखल्यांच्या प्रती काढायला तिथेच येतात. टाय असली तर शाळा चांगली, गाडी असली तर फारच चांगली, आणि फी ऐकून घाम फुटला तर मग काय, बघायलाच नको. नगरपरिषदेच्या शाळेचं नाव काढलं की लोक, घरात कुणी आजारी असल्यासारखे, हळू बोलतात. मीही हळूच बोलत होतो. मॅडमनी ते ओळखलं असावं.

"लोक शाळा बघाय येतात ते पोरगी बघाय आल्यावानी," त्या म्हणाल्या. "म्होरल्या खोलीत बसायचं, पोहे खायचे, गोड बोलायचं. आन लगीन झाल्यावर कळतंय, नवरदेव दारू पितो. आमच्याकडं पोहे मिळत न्हाईत भैया. कुठल्याबी वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसा. मी संगं येनार न्हाई."

बसलो. गणिताचे सर फळ्यावर उदाहरण चुकले, एका पोरीनं उभं राहून चूक सांगितली आणि सरांनी "बरोबर आहे बाई" म्हणत ती पुसली. माझ्या गावच्या, लिंबागणेशच्या शाळेत असं बोललो असतो तर मला पुसून काढलं असतं. पूजाचं नाव मी त्याच दिवशी घातलं.

पुढे पालकांच्या वतीनं मला शाळेच्या व्यवस्थापन समितीत घेतलं आणि बाई जवळून दिसल्या. खिचडीचा पहिला घास त्या स्वतः खायच्या. एकदा खिचडी खाली लागली, तर फाटकावर उभ्या राहून न्यायला आलेल्या प्रत्येक आईला सांगत सुटल्या, "आज करपली व्हती, पोरं कमी जेवली, घरी जरा लवकर वाढा." असं गावभर सांगायची काय गरज, असं मी म्हणालो. "झाकलेलं कुजतं," एवढंच म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कौतुक वाटायचं आणि डोकंही फिरायचं. खरेपणाला जरा मीठमसाला लावला तर काय पाप लागतं का, असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते त्यांना ऐकवतही होतो.

पूजा सहावीत गेली त्या जूनमध्ये हे मत टोकाला गेलं. वर्गांचा पट, म्हणजे मुलांची संख्या, इतका घटला होता की सहावीपासूनचे वर्ग बंद करून मुलं हायवेपलीकडच्या शाळेत पाठवायचं घाटत होतं. त्या रस्त्यावरून पोरी एकट्या पाठवायला आमच्याकडचं एकही घर तयार नव्हतं. पूजाच्या आईनं तर सांगूनच टाकलं, "वर्ग गेला की हिची शाळा बास." पूजा ते ऐकून जेवली नाही. आता आशा होती ती शाळेमागच्या नव्या वस्तीची. तिथली घरं मुलांसाठी शाळा बघत फिरत होती आणि सोमवारी आमच्याकडे येणार होती. गॅरेजवाल्याची बायको सायराभाभी म्हणेल तिकडे ती सगळी वस्ती जाणार, हे उघड होतं.

वॉर्डातले पुढारी अण्णा शनिवारी शाळेत आले. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. "मॅडम, आपल्या वळखीच्या क्लासमधली चार हुशार पोरं सोमवारी गणवेश घालून म्होरल्या बाकावर बसवू. फाडफाड वाचत्यात. कच्ची पोरं त्या दिवशी घरी ठिवा. कुनाला काय कळतंय?"

"साखर उसनी आनावी अण्णा, पोरं न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"मग वर्ग जाऊ द्या तुमचा!" अण्णा चिडून निघून गेले. मीही चिडलो. म्हणालो, "मॅडम, तुमचं खरं तुमच्यापाशी. माझी पोरगी घरी बसल त्याचं काय?" बाई म्हणाल्या, "बसली तर माझ्यामुळं बसली, असं सांगा तिला. पन खोटं दाखवून आनलेली पोरं दिवाळीपतुर टिकत न्हाईत, भैया."

सोमवारी वस्तीतली माणसं आली. नेहमीप्रमाणे संडासापासून सुरुवात झाली. दोन बाया तिथूनच एकमेकींकडे बघायला लागल्या. सहावीच्या वर्गात सायराभाभी मधोमध उभी राहिली. "माझी हसीना लई हुशार हाय," ती म्हणाली, "तिच्या जोडीची पोरं पायजेत." आणि तिनं खिडकीजवळच्या पोरीकडे बोट केलं. "ही पोरगी वाचू द्या."

ती काजल होती. सगळ्या वर्गात नेमकी काजल! शिरूर कासारची, आईबापांबरोबर दर हंगामात ऊसतोडीला जाणारी; गुढीपाडव्यानंतर मावशीकडे राहायला आली आणि आमच्या शाळेत बसू लागली. ती उभी राहिली. पहिला शब्द आला, दुसरा आला, तिसऱ्यावर अडकली. मी पालकांच्या चेहऱ्यांवरून नजर हलवली नाही. एका बापानं घड्याळ बघितलं. दुसरा दाराकडे वळला. मॅडमनी "दुसरी पोरगी वाचल" एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी हातानं तशी खूणही करत होतो.

मॅडम काजलच्या बाकावर जाऊन बसल्या. "कुठं अडलं गं? दाव." काजलनं बोट ठेवलं. जोडाक्षर होतं. मॅडमनी ते फोडून सांगितलं, काजलनं जोडलं, पुन्हा अडली, पुन्हा जोडलं. एक ओळ संपायला इतका वेळ लागला की घड्याळ बघणाऱ्या बापानं ते आणखी दोनदा बघितलं. मग बाई पालकांकडे वळून म्हणाल्या, "आली तवा अक्षरं वळखत नव्हती. आता हितवर आली. अजून लई बाकी हाय. बघितलं तुमी, आता घरी जाऊन ठरवा."

सगळे निघून गेले. सायराभाभीनं तर मागे वळूनही पाहिलं नाही. मी सरळ दुकान गाठलं. घरी पूजानं विचारलं, "आले का नवीन?" मी तिचं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला गेलो तर फाटकाशी सायराभाभी उभी. तिच्या बुरख्यामागे लपलेली एक उंच पोरगी. पुढे वस्तीतली बाकीची घरंही भाभीमागोमाग आली आणि वर्ग वाचला. पूजा त्याच शाळेतून आठवी झाली आणि शेख मॅडम निवृत्त होऊन लातूरला मुलाकडे गेल्या. पण त्या सकाळी आम्हांला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मॅडम, काल मी झूट बोलले," भाभी म्हणाली. "हसीनाला वाचता येत न्हाई. पाचवी झाली तरी. आधीच्या शाळेत ती उभी ऱ्हायली की पोरं हसत्यात. मग ही रोज पोट दुखतंय म्हनून घरी बसती. काल मी मुद्दाम कच्ची दिसती ती पोरगी उठवली. ती वाचत होती तवा मी पोरांच्या तोंडाकडं बघत होते." तिनं मागच्या पोरीला पुढं घेतलं. "एक बी पोरगं हसलं न्हाई, मॅडम."

शेख मॅडमनी पदरानं तोंड पुसलं आणि हसीनाचा हात धरून तिला वर्गात नेलं. आम्ही दाराशी थांबलो. हसीना खाली मान घालून उभी होती. तिनं कुठं बसायचं ते मॅडम सांगणार, तोच काजल बाकावर सरकली आणि आपलं पुस्तक मधोमध ठेवलं.