उभ्याने लिहिलेली अक्षरं

माझी मावशी एकतीस वर्षं पेनांच्या काउंटरमागे उभी होती. स्टेशनरीचं मोठं दुकान. मागच्या खोलीत कागद, मधल्या खोलीत रंग, आणि दारातून आत आल्या आल्या पेनं आणि मावशी. कुणी "एक पेन द्या" म्हटलं की ती विचारायची, "लिहायला की सही करायला?" माणूस गडबडायचा. मग ती त्याच्या बोटांकडे बघून तीन पेनं पुढे ठेवायची, आणि त्यातलं एक तो घेऊन जायचाच.

आई परगावी नोकरीला, म्हणून मी लहानपणापासून मावशी-काकांकडे वाढले आणि अजूनही तिथेच आहे. माझ्या दप्तरात कधी कोरडं पडलेलं पेन निघालं नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

गेल्या वर्षी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुकान सुटलं. गुडघा झकास झाला. बिघडली ती मावशी. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. फिजिओबाईंनी तिला बजावलं, "ताई, रोज जिना उतरायचा आणि चढायचा. आणखी दोन महिने अशाच बसलात तर गुडघा वाकायचा नाही. मग ही खुर्ची कायमची."

"उतरून करू काय?" मावशी म्हणाली. "भाजी हे आणतात, औषधं ही आणते. खाली माझ्यावाचून अडलंय कुणाचं?"

फिजिओबाई म्हणाल्या, "काहीतरी जमवायला लागा. माझे एक पेशंट जुनी कुलपं जमवतात. दिवसभर बाजार पालथे घालत असतात."

त्या गेल्यावर आमची बैठक बसली.

"पोस्टाची तिकिटं?" मी विचारलं.

"ती पोस्टाने घरी येतात. मग जिना कोण उतरणार, पोस्टमन?"

"शिंपले?"

"समुद्र आणून दे आधी."

"छोट्या छोट्या बाटल्या?"

"आणि त्यांच्यावरची धूळ पुसायला तू येणार!"

काका पेपरामागून म्हणाले, "जुन्या वस्तूच हव्यात ना? मी आहे की."

"जमवलेली वस्तू अदलाबदल करता आली पाहिजे. तुम्हाला कोण घेतंय?"

पेपर गदगदा हलला. मी हात टेकले. "बरं, मला एवढंच सांग, दुकानात तुला मजा कशात यायची?"

ती म्हणाली, "चिठोऱ्यांत."

काउंटरवर दोऱ्याने बांधलेलं एक पॅड असायचं, गिऱ्हाइकाला पेन चालवून बघायला. त्यावर लोक काय वाटेल ते लिहायचे. बहुतेक जण स्वतःचं नाव. एक गृहस्थ प्रत्येक वेळी 'दूध आणणे' लिहायचे. एक करारी बाई नुसत्या मिशा काढायच्या, टोकं वर वळवलेल्या.

"आणि एक तरुण होता," मावशी म्हणाली, "दोन वर्षं एकाच मुलीचं नाव लिहायचा. एक दिवस आला आणि नुसत्या रेघोट्या ओढल्या."

"मग?"

"मग काय, मी त्याला दुकानातलं सगळ्यात भारी पेन हातात धरून बघायला दिलं. तेवढंच करता आलं मला."

"ते कागद कुठायत सगळे?"

"दर शनिवारी केरात." मग हळूच म्हणाली, "एकतीस वर्षं केरात टाकले गं मी."

तर ठरलं. मावशी चिठोऱ्या जमवणार. फक्त एक घोळ झाला: आणायच्या मी! कामावरून येता येता मी दोन-तीन दुकानांतून भरलेले कागद मागून आणायचे आणि ती खुर्चीत बसून ते भिंगाखाली धरायची. चेहरा खुलला, पण गुडघा होता तिथेच. काकांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तू तिचं घरपोच दुकान झालीस," ते म्हणाले. बोलणं खरं होतं, पण तिला हसताना पाहून मला 'नाही' म्हणवेना.

एका रविवारी माझ्याकडे कागदच नव्हता. ती वाट बघत असेल म्हणून मी आतल्या खोलीत टेबलाशी बसले आणि चार पेनांनी, आठ वेगवेगळ्या वळणांची अक्षरं काढून एक पान भरलं. नावं, सह्या, वेटोळी, एक मांजर. स्वतःवर फार खूश होऊन तिच्या हातात दिलं.

तिने भिंग लावलं. "कुठल्या दुकानातलं?"

"कोपऱ्यावरच्या."

"थापा मारू नकोस. हे बसून लिहिलंय."

"हे कसं कळतं?"

"माणूस पेन घेताना उभा असतो. एका हातात पिशवी, पॅड दोऱ्याने ओढून धरलेलं, कोपर अधांतरी. अक्षर उताराला लागतं. पहिली रेघ फिकी येते, शाई मागाहून उतरते. आणि कुणी काही पूर्ण करत नाही, पेन चाललं की संपलं! तुझं हे मांजर बघ. मिशांसकट! शेपटीला पट्टेसुद्धा!"

"मग कसं लिहितात, दाखव ना."

"अगं, असं..." म्हणत ती खुर्चीचे हात धरून उठली, कपाटापाशी उभी राहिली आणि हवेत कोपर धरून एक तिरकी रेघ ओढली. मग माझ्याकडे वळली. "तुला हे काम जमायचं नाही. माझ्या चपला काढ."

काकांचा पेपर खाली आला. कुणी काही बोललं तर ती परत बसेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

छत्तीस पायऱ्या. कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीवर मला शिव्या घालत ती उतरली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पॅड पुढे केलं. "न्या की, पण पान अर्धंच भरलंय."

"मग भरेपर्यंत थांबते."

त्याने स्टूल दिलं. ती बसली नाही. तेवढ्यात एका बाईंनी पेन मागितलं आणि दुकानदाराने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "लिहायला की सही करायला?"

चढताना ती चारदा थांबली. दुसऱ्या दिवशी गुडघा शेकत बसली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरली.

मागच्या आठवड्यात मला पुलापलीकडे काम होतं. तिथल्या एका लहानशा दुकानात मी पेन घ्यायला शिरले. पॅडवर नवं पान होतं, आणि त्यावर पहिलीच ओळ मावशीच्या अक्षरात: 'आभारी आहे.'

"एक बाई जुनं पान नेतात आणि नव्यावर हे लिहून जातात," दुकानदार म्हणाले. "कुणाचे आभार म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, इतकी वर्षं लोकांनी मला लिहून दिलं, मी एकालाही थँक यू म्हटलं नव्हतं."

"कशा येतात त्या?"

"चालत. दुसरं कसं येणार?"

घरापासून पूल चांगला वीस मिनिटांवर आहे. मी हातातलं पेन पॅडवर टेकवलं आणि मावशीच्या ओळीखाली लिहिलं, 'मी पण.'

"चालतंय," मी म्हटलं. "द्या."