खाटेचं सांगायचं राहिलं

माझे वडील रावेर तालुक्यात एका केळीबागेत सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. घड कापायचे, खांद्यावरून बांधापर्यंत आणायचे, ट्रकमध्ये रचायचे. राहायला बागेतच कुडाची खोली. आम्ही पाच माणसं आणि ताटं तीन, म्हणून जेवण दोन पाळ्यांत. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही. माझ्या एकूण एक शर्टांवर ते डाग होते. जळगावला कॉलेजात पोरं मला 'चिक्या' म्हणत. म्हणोत. मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी चौथीपुढं कोणी गेलेलं नव्हतं.

डिग्रीच्या बळावर मी फौजेत एज्युकेशन हवालदार म्हणून भरती झालो. काम शिकवण्याचं. जवानांना प्रमोशनसाठी परीक्षा द्याव्या लागतात, त्यांचे वर्ग घ्यायचे. मला एका पहाडी युनिटशी जोडलं. जवान बहुतेक गढवालचे. तीन वर्षं आम्ही बर्फात काढली. तिथं किडा-मुंगी नाही, डास नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा युनिट खाली आलं. स्पेशल गाडीनं भुसावळ, तिथून ट्रकनं धुळ्याच्या बाजूला एका उघड्या माळावर. मार्चचा शेवटचा आठवडा होता. तंबू ठोकून होईस्तोवर दोघांना विंचू चावले. तिसऱ्या दिवशी रेशन स्टोअरमध्ये धामण निघाली आणि स्टोअरमन टेबलावर चढून बसला. हा माणूस दोन वर्षं शत्रूच्या पोस्टसमोर ड्यूटी करून आला होता.

सुभेदार साहेबांनी मला बोलावलं.

"हवालदार, ये तेरा इलाका है ना?"

"जी साब."

"तो जवानों को सिखा. कल सात बजे. पूरी कंपनी."

मी लेक्चर तयार केलं. मनातून खूश होतो. ज्या बागेतल्या राहण्यावरून कॉलेजात हसू झालं, तिथलीच माहिती आता कंपनीला हवी होती. मेलेला विंचू बाटलीत ठेवायला मी क्वार्टर मास्टरकडं थोडी रम मागितली. तो म्हणाला, "बिच्छू को रम, और मेरे लिए?" मी अकरा गोष्टी सांगितल्या. बूट झटकून घाला. दगड हातानं उलटू नका, काठीनं उलटा. तंबूभोवतीचं गवत काढा. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. नवव्या नंबरला मी उकाड्यावरचा उपाय सांगितला, जो आमच्या खानदेशात घरोघर करतात. संध्याकाळी जमिनीवर पाणी मारा, मग तिथं झोपा. गार वाटतं.

पुढच्या रांगेत लान्स नाईक दिलबर सिंग बसला होता. वय सव्वीस. माझ्या वर्गातला. मी खोकलो तरी वहीत लिहून घेईल, असा विद्यार्थी. लेक्चर संपल्यावर त्यानं हात वर केला.

"उस्ताद, हमारे यहाँ भालू आता है तो दूर से पता चलता है. ये आपके जानवर बिना बताए आते हैं. शरीफ इलाका नहीं है."

कंपनी हसली. मीही हसलो.

"और सूरज?" मी म्हटलं.

"वो तो ड्यूटी से उतरता ही नहीं, उस्ताद."

एप्रिल बरा गेला. विंचू चावण्याच्या केसेस जवळपास थांबल्या. जवान बूट झटकायला शिकले. सुभेदार साहेब एकदा पाठीवर थाप मारून म्हणाले, "पढ़ा-लिखा आदमी काम आता है." ते वाक्य मी घरी पत्रात लिहिलं होतं.

मे महिना लागला. तंबूतल्या लोखंडी चारपाया इतक्या तापत की पाठ टेकवत नसे. मी कॅम्पच्या दुसऱ्या टोकाला, एज्युकेशनच्या खोलीत झोपत असे. दिलबरच्या सेक्शननं काय सुरू केलंय ते मी पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी पीटीचं फॉल इन पाच पंचेचाळीसला झालं. दिलबर रांगेत आला, पण पोट धरून. म्हणाला, पहाटेपासून दुखतंय. आदल्या संध्याकाळी मेसमध्ये वांग्याचं भरीत होतं, आमच्या पद्धतीचं, झणझणीत. मीच कुकला शिकवलं होतं.

"भरीत लग गया तुझे," मी म्हटलं. "पहाड़ी पेट."

"शायद, उस्ताद."

नर्सिंग असिस्टंटनं गोळी दिली. अंगावर सूज नाही, जखम नाही, ताप नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी मी त्याला बघायला गेलो. तो तंबूच्या सावलीत बसला होता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

"नींद नहीं हुई?"

"हुई. आँख खुलती नहीं, उस्ताद." बोलताना जीभ जड झाली होती.

तेवढ्यात पाण्याच्या पंपावरचे नाना तिथून चालले होते. शेजारच्या गावचे, साठीचे, अहिराणी बोलणारे. आमच्या रावेरकडची बोली वेगळी, पण अहिराणी मला कळते. नाना थांबले, दिलबरच्या तोंडाकडं पाहत राहिले.

"मास्तर, याना डोया दखा. याले मण्यार चावनी शे."

"नाना, कुठं सूज नाही काही."

"मण्यारले सूज येत नई. दुखत बी नई." मग त्यांनी तंबूमागं बोट केलं. तिथली जमीन अजून ओली होती, आणि तिच्यावर आठ ग्राउंडशीट ओळीनं अंथरलेल्या होत्या. "या बठ्ठा भुईवर झोपतस का?"

मला त्या क्षणी कळलं. आमच्या बागेतल्या खोलीत ताटं तीन होती, पण खाट प्रत्येकाला होती. पाणी मारायचं, खाट टाकायची, खाटेवर झोपायचं. ओलीला बेडूक येतो, बेडकामागं साप येतो. खानदेशात हे कोणी कोणाला सांगत नाही, कारण न सांगता सगळ्यांना माहीत असतं. मी पाणी मारायला सांगितलं. खाटेचं सांगितलं नाही.

मी वायरलेस सेटवर गेलो.

"एक कॅज्युअल्टी. स्नेक बाइट. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"ॲम्ब्युलन्स फायरिंग रेंजवर. वन टन ट्रक घ्या. निघा. ओव्हर."

"निघतो. आउट."

सहा चाळीसला गाडी निघाली. दिलबरचं डोकं माझ्या मांडीवर, नर्सिंग असिस्टंट शेजारी. तो शुद्धीवर होता, पण मान धरत नव्हती. अर्ध्या वाटेत बोलणं बंद झालं. मी म्हटलं, "सुनाई देता है? उंगली दबा." त्यानं बोट दाबलं. शहरातल्या दवाखान्यात सात पंचवीसला पोहोचलो. डॉक्टरांनी उजव्या पोटरीवर दोन बारीक ठिपके शोधून काढले. लस दिली. श्वास थांबत आला होता. डॉक्टरांनी रबरी फुगा तोंडावर लावला, कसा दाबायचा ते मला दाखवलं. दर चार सेकंदांनी एकदा. नर्सिंग असिस्टंट आणि मी आळीपाळीनं दाबत होतो. दिलबरचं बोट माझ्या मोकळ्या हातात होतं. दहाच्या सुमाराला ते दाबेनासं झालं. अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, "आता सोडा."

मी आणखी काही वेळ दाबलं. मग सोडलं.

पाच दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. आदल्या संध्याकाळी सुभेदार साहेब माझ्याकडं आले. जवान जमिनीवर झोपतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

"मुझे लगा तेरे इलाके का तरीका है. उस्ताद ने बताया है, तो ठीक होगा." मग म्हणाले, "कल पानी वाली बात मत बोलना. साँप ने काटा, बस."

मी विचार केला. बोललो नसतो तर कोणी विचारलंही नसतं. पण दिलबरच्या सामानाची यादी करताना त्याची वही माझ्या हातात आली होती. माझं लेक्चर त्यात एक ते अकरा, सुवाच्य अक्षरात. नऊ नंबरला: 'शाम को ज़मीन पर पानी मारना, वहीं सोना.' मी सांगितलं तेच, तेवढंच त्यानं लिहिलं होतं आणि तसंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वही टेबलावर ठेवली आणि माझी चूक सांगितली. चौकशी करणाऱ्या मेजर साहेबांनी लिहून घेतलं. मला शिक्षा झाली नाही. अपघात, असा निष्कर्ष निघाला. मला फक्त विचारलं, "अब लेक्चर में क्या बोलोगे?"

मी नवं लेक्चर लिहिलं. ह्या वेळी एकट्यानं बसून नाही. पंपावरच्या नानांना शेजारी बसवलं. प्रत्येक ओळ वाचून दाखवायचो आणि विचारायचो, "नाना, ह्यात तुम्हाला माहीत आहे आणि मी लिहिलं नाही, असं काय आहे?" नाना प्रत्येक ओळीला काहीतरी काढत. खाट भिंतीपासून लांब. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. पांघरूण जमिनीला टेकता कामा नये. सूज नसली तरी पापणी जड झाली की धावत निघा. अकरा गोष्टींच्या अडतीस झाल्या. चारपायांवर ओलं गोणपाट टाकून त्या गार करायची युक्ती नानांचीच.

दिलबरच्या गावी पत्र मी लिहिलं. त्याचे वडील निरक्षर होते, पोस्टमननं वाचून दाखवलं असेल. चूक कोणाची होती तेही त्यात लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. मी त्याची वाट पाहिली, आणि उत्तर न देण्याचा त्यांचा हक्कही मानला.

लान्स नाईक दिलबर सिंग लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही. मी इथं लिहून ठेवतो आहे. त्याच्यानंतर युनिट दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे त्याच माळावर राहिलं. साप होते तेवढेच होते. त्या काळात चार जवानांना साप चावले, त्यातल्या दोघांना मण्यार. चौघेही वेळेत दवाखान्यात पोहोचले आणि चौघेही आपल्या पायांनी परत आले.