पाच ग्रँडमास्तर आणि एक ख्वाजाभाई

शिंप्याच्या मशिनीखाली चिंध्या साठतात ना, तसे आमच्याकडं किस्से साठलेत. चिंध्या व्हाव्यात म्हणून कुणी कापड कापत नाही. आम्हीही जालन्याच्या सदर बाजारात टेलरमास्तरच्या दुकानी रोज संध्याकाळी सरळ मनानं बुद्धिबळ खेळायलाच जमायचो. कापड बेतायच्या टेबलावर खडूनं पट आखला, की झालं आमचं मंडळ सुरू. मंडळाचे सदर, म्हणजे अध्यक्ष, वकीलसाहेब. सेक्रेटरी मी. तहसीलीत कारकून असल्यामुळं माझं अक्षर बरं होतं, एवढीच माझी लायकी.

खेळता येत होतं फक्त ख्वाजाभाईंना. ते टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे. बोटं दोऱ्यानं चिरलेली, बोलणं मोजकं. ते आम्हा सगळ्यांना रोज हरवायचे, आणि आम्ही उद्या बघून घेतो म्हणत घरी जायचो.

*

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. निजामाच्या काळातले जंग, दौला, मुल्क असले खिताब गेले होते, आणि गावातल्या बऱ्याच बड्या मंडळींना कोट न घालता बाहेर पडल्यासारखं वाटत होतं. अशात एक दिवस वकीलसाहेब इंग्रजी पेपर घेऊन आले. परदेशात बुद्धिबळाच्या मोठ्या खेळाडूंना 'ग्रँडमास्टर' असा खिताब द्यायला लागलेत, असं त्यात छापून आल्तं.

वकीलसाहेबांचं मत पडलं, आपला खेळ सुधारत नाही याचं कारण एकच, आपल्याकडं खिताब नाहीत! आपल्याला खेळता येत नाही, हे कारण कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

ग्रँडमास्टर म्हणजे मोठा मास्तर, हा अर्थही त्यांनीच लावला. मंग आधी मास्तर कोण कोण, ते ठरवणं आलं. टेलरमास्तरनं कात्री खाली ठेवली. "मी तं बापाच्या वेळेपासूनच मास्तर हाय. माझं पक्कं धरा." शाळेतले मास्तर म्हणाले, आम्ही तर सरकारी मास्तर, आमचा नंबर आधी. कोटाचं माप द्यायला बँडमास्तर आल्ते, तेही मास्तर निघाले. जवळच्या एका लहानशा स्टेशनाचे स्टेशनमास्तर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांचं तर नावातच होतं. राहिले वकीलसाहेब. त्यांनी कधीकाळी तीन महिने प्रौढांच्या वर्गात शिकवलं होतं, ते त्यांना नेमकं त्याच संध्याकाळी आठवलं.

झाले पाच ग्रँडमास्तर! चहा गार व्हायच्या आत.

मी विचारलं, ख्वाजाभाईंचं काय? वकीलसाहेबांनी कायद्याचा मुद्दा काढला. "कापड शिवणाऱ्याला दुनिया मास्तर म्हणते. कातडं शिवणाऱ्याला म्हणते का?" मुद्दा बिनतोड होता. ख्वाजाभाई नुसते हसले आणि त्यांनी वकीलसाहेबांचा हत्ती उचलला.

*

आमच्या ग्रँडमास्तरांची तयारी काय वर्णावी! बँडमास्तरांना उंट तिरका चालतो हे कबूलच नव्हतं. त्यांनी कितीतरी वरातींत बँडच्या पुढं उंट चालताना पाहिला होता, आणि तो दर वेळी सरळ चालला होता. दोन महिने ते उंट सरळच चालवत राहिले. सांगायला गेलं की म्हणायचे, "ग्रँडमास्तर तुम्ही का मी?"

*

स्टेशनमास्तरांची गोष्ट त्याहून वरची. खिताब मिळाल्यावर त्यांनी आठवडाभरातच सरकारी कागदावर सही ठोकली, 'ग्रँडमास्तर' म्हणून. वरच्या हापिसातून जल्दी जवाब आला. त्यात एकच ओळ होती. या स्टेशनावर सदर पद मंजूर नाही, तरी त्या जागेवर कोण काम करून राह्यलंय ते कळवावं.

स्टेशनमास्तर ते पत्र आमच्याकडं घेऊन आले आणि काय उत्तर देऊ म्हणून विचारायला लागले. वकीलसाहेब म्हणाले, कळवा, की पद मंजूर नसलं तरी माणूस मंजूर आहे.

*

आमच्याकडच्या खेळात प्याद्यानं मात खाणं म्हणजे सगळ्यात मोठी नाचक्की. ख्वाजाभाईंनी वकीलसाहेबांना लागोपाठ तीन दिवस प्यादेमात दिली. चौथ्या दिवशी वकीलसाहेबांनी ठराव आणला की ग्रँडमास्तरावर प्यादेमात करता येणार नाही, आणि ग्रँडमास्तराला एक चाल परत घेता येईल. ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी पास झाला. मत फक्त ग्रँडमास्तरांनाच होतं.

ख्वाजाभाई म्हणाले, "एक क्यूँ साहब, दो चाल वापस लेव." वकीलसाहेबांनी दोन घेतल्या. मंग ख्वाजाभाईंनी घोड्यानं मात केली. आणि ठराव बिलकुल मोडला नाही.

*

आता जे सांगतो त्यात मीही सामील होतो, म्हणून जरा जड जातं.

ख्वाजाभाईंच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न भोकरदनला ठरलं. घराणं जुनं. त्यांच्याकडच्या यादीत प्रत्येक नावाच्या पुढं-मागं काही ना काही होतंच. कुणी मौलवी, कुणी हकीम, कुणी माजी कोतवाल. लग्नाचा रुक्का, म्हणजे आपली पत्रिका, छापायची होती आणि मुलीच्या बापाच्या नावाआधी काय लिहायचं, हे भोकरदनहून विचारून पाठवलं होतं. ख्वाजाभाई त्या दिवशी खेळले नाहीत. टेबलापाशी उभे राहून वकीलसाहेबांना म्हणाले,

"साहब, बेटी का बाप हूँ. नाम के आगे कुछ तो भी होना. सबसे छोटा देव."

चार वर्षांत त्यांनी आमच्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

मंडळाची खास मीटिंग भरली. बुद्धिबळात आणखी खिताब हवेत की नकोत, हा विषय. हवेत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मला बरं वाटलं. मंग शाळेतले मास्तर म्हणाले, ग्रँडमास्तर आता पाच झालेत, फार गर्दी होऊन राह्यली, तेव्हा नवा खिताब वरच्या बाजूला पाहिजे. टेलरमास्तरनं 'महाग्रँडमास्तर' सुचवलं. दीड तास चर्चा झाली ती महाग्रँडमास्तर आधी कुणाला करायचं याची. खाली एखादा छोटा खिताब काढावा असं मी म्हणालो, तर वकीलसाहेब म्हणाले, खालचे खिताब काढले की वरच्यांची किंमत जाते.

मी प्रोसिडिंग लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं, 'श्री. ख्वाजाभाई यांचा अर्ज नियमात बसत नाही.' लिहिताना लाज वाटली, पण हात काही थांबला नाही. ख्वाजाभाईंना सांगायलाही मलाच पाठवलं. ते साजाला टाके घालत होते. "बराबर है," एवढंच म्हणाले आणि मला बसायला तिपाई पुढं केली.

*

पंधरा दिवसांनी रुक्का आला. उर्दूत होता. निजामाच्या कोर्टात वकिली केल्यामुळं वाचता येत होतं एकट्या वकीलसाहेबांना. दुकानात उभं राहून त्यांनी तो कोर्टातल्या आवाजात वाचायला घेतला. मुलाकडची नावं, सगळे मौलवी-हकीम, दणदणीत झाली. मंग मुलीच्या बापाचं नाव आलं.

"ख्वाजा मियाँ साजवाले, जालना के पाँचों ग्रँडमास्टरों को हरानेवाले."

वकीलसाहेबांनी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाँचों लिहिलं हे बरं केलं. कुणाला वगळलं नाही."

लग्नाला आम्ही भोकरदनला गेलो. एवढा नावानिशी मान मिळाल्यावर न जाऊन कसं चालेल? मांडवात ख्वाजाभाई नवी शेरवानी घालून उभे होते, आणि भोकरदनची बुजुर्ग मंडळी उठून उठून त्यांचा हात हातात घेऊन मुसाफा करत होती. तेवढ्यात मुलाचे वडील आमच्याकडं आले. फार अदबीचा माणूस. पाचही ग्रँडमास्तरांना त्यांनी ओळीनं सलाम केला, आणि वकीलसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून विचारलं,

"हुजूर कितनी दफा हारे?"

वकीलसाहेब ताठ झाले. "मैं सदर हूँ," ते म्हणाले.

"अच्छा! तो सबसे ज्यादा," असं म्हणून त्यांनी वकीलसाहेबांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.