उसाआधी वाशीला गेलेली लॉरी
बाळांनो, ट्रक घ्यायचा म्हणून तुम्ही दोन कंपन्यांच्या गाड्यांचे फोटो पाठवून माझं मत विचारलंत, म्हणून आजच हे लिहिते. मी लहान असताना ढोकीच्या साखर कारखान्यावर ऊस न्यायला आमच्या घरी लॉरी घ्यायची होती. "अमेरिकन लॉरीत लई जोर," वडील म्हणायचे. "अन् पेट्रोल किती पिती? विलायतीच घ्या, इंग्लंडची, दादा," काका म्हणायचे. एकदा काका हसत म्हणाले, "वैनी, तुमीच सांगा." जवळच्याच वाशी गावातल्या माहेरासाठी कितीतरी दिवस झुरणारी आई दाराआडून म्हणाली, "जी मला वाशीला पोचवंल ती." पुढं काकांच्या पसंतीची लॉरी आली, पण उसाआधी वडिलांनी तिच्यात आम्हा मायलेकींना बसवलं. वाशीची वेस दिसताच आईनं डोक्यावरचा पदर खांद्यावर सोडला आणि ती मोठ्यानं हसली. ते हसू ऐकलेली आता मी एकटीच उरले आहे.