सहाणेतला खळगा

बाबा गेल्यावर देवपूजा माझ्याकडे आली. मी डावखुरा. पहिल्या दिवशी सहाणेवर चंदनाचं खोड फिरवू लागलो तर ते सारखं अडखळे, पाणी कडेनं ओघळे आणि गंध काही उतरेना. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "देवाचं काम आहे. उजव्या हातानं उगाळ बरं."

खोड उजव्या हातात घेतलं आणि ते आपसूक एका खळग्यात जाऊन बसलं, फिरू लागलं. बाबांच्या मनगटाचा जोर जिथं पडायचा, तिथंच दगड खोल गेला होता.

खोड झिजतं ते सगळ्यांना दिसतं. संपलं की आपण नवं आणतो. सहाण मात्र तीच राहते, म्हणून ती झिजतच नाही असं आपण धरून चालतो. पण चंदनाबरोबर दगडही रोज कणभर सुटत असणार, गंधात मिसळत असणार. पूजेनंतर उरलेलं गंध बाबा आम्हा सगळ्यांच्या कपाळाला लावायचे. म्हणजे या खळग्यातला दगड कुठं हरवला नव्हता. तो आमच्याच कपाळांवर गेला होता.

पूजा आटोपली. थोडं गंध उरलं होतं. मी ते बोटावर घेऊन आईकडे वळलो.

"मला कशाला आता?" ती मागे सरकली.

मी सहाण तिच्यासमोर धरली. त्या खळग्यावरून तिनं सावकाश अंगठा फिरवला, आणि कपाळ पुढे केलं.