घाईत असलेली गाठ

“मोजून बघितलं. पेशी फार भराभर वाढतायत,” असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी चक्क खूश झालो.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. मुरुम गावी माझं बियाण्याचं दुकान होतं. ज्वारी विकण्याआधी आम्ही शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधायचो आणि चौथ्या दिवशी मोड मोजायचो. नव्वदाला मोड आले की बियाणं खरं. त्यामुळं मोजणी आणि वाढ हे शब्द कानावर पडताच मला उगवणच आठवली. अंग पुन्हा भरत चाललंय, असं मी समजलो. डोक्यात नुसता भुसा, दुसरं काय! लगेच बायकोला, शांताला, कार्ड टाकलं : तपासणी चांगली निघाली.

त्याआधी सहा महिने शौचातून रक्त पडत होतं. मी त्याला मूळव्याध ठरवून ते महिने ताक आणि सुरणावर काढले. अंगावरचे सदरे ढगळ झाले, तेव्हा थोरल्या भावानं, अण्णांनी, मला एस.टी.त घालून सोलापूरला आणलं. तिथं बायॉप्सी झाली, म्हणजे आतड्यातल्या गाठीचा मुगाएवढा तुकडा काढून घेतला. निकालाची वाट बघत आठ दिवस आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून काढले.

कार्ड टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनीच डॉक्टरांना गाठलं. “डाक्टरसाब, वाढ चांगली हाय म्हणता, मग माझा भाऊ वाळतोय कशानं?”

माझी गफलत डॉक्टरांच्या ध्यानात आली. मग आम्हा दोघांना आत नेऊन त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. काचेवर जांभळे ठिपके दिसत होते.

“तुकडा काढला त्या क्षणी पेशी जशा होत्या, तशाच या आहेत. ही बघा, एकीच्या दोन होत होत्या. याला मायटोसिस म्हणतात. चांगल्या आतड्यातही हे चालतं, पण बेतानं. इथं जिकडं बघावं तिकडं तेच. हा कॅन्सर आहे, आणि तो घाईत आहे.”

माझ्या पोटात हे चाललं होतं, आणि मी त्याला बरकत समजून घरी कळवलं होतं!

“पेरणीचा हंगाम उरकून येतो,” मी कसंबसं म्हणालो.

“तोवर थांबलात तर माझ्या हातात काही उरणार नाही.”

“त्येचं काय ऐकू नका,” अण्णा म्हणाले. “दुकान म्या बघतो. तुमी आपरेशन करा.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शांता आली, हसतमुखानं, मला घरी न्यायला. अण्णांना सांगवेना. मीच सांगितलं. ती खाली बसली आणि म्हणाली, “मग कार्डात चांगलं का लिवलं तुमी?”

गाठ निघाली. कोलोस्टॉमी झाली, म्हणजे शौचाची वाट पोटावर काढली. पहिले काही दिवस मी तिकडं बघतसुद्धा नव्हतो. शांतानंच न किळसता सगळं केलं. ते उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. तुमच्यापैकी कुणाला रक्त दिसलं, तर घरच्या घरी आजाराचं बारसं करू नका आणि डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही तर लाज सोडून पुन्हा विचारा. अण्णांनी विचारलं म्हणून मी आहे.

घरी निघताना मी डॉक्टरांना विचारलं, “आता किती दिवस?”

“गाठ किती वेगानं वाढते, तेवढं मला मोजता आलं,” ते म्हणाले. “तुम्ही किती जगाल, ते मोजायला माझ्याकडं काही नाही.”

तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली.