शोकसभेचा परवाना

वर्गात पाढे चालले होते. बैलबाजारातला एक जण दाराशी येऊन म्हणाला, ‘मास्तर, हबीबभाई गेले.’ त्याला आता महिना होऊन गेला. दुःख तर आहेच, पण त्याहून जास्त लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो.

हबीबभाई वाशीमच्या बैलबाजारातले दलाल. बैलाचा भाव रुमालाखाली ठरतो. घेणारा-देणारा एकमेकांची बोटं दाबतात, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. या रुमालातून त्यांनी अख्ख्या राज्यकारभाराचा निकाल लावला होता. मी सरकारी शाळेतला, म्हणून मला डिवचण्यात त्यांना भारी गंमत. ‘मास्तर, निजामानं वऱ्हाड इंग्रजाले देऊन टाकलं. त्या रुमालाखाली माहा हात होता का? दोघं राजी, तं सौदा. नाही तं जबरदस्ती. मंग ते चोरानं केली काय अन् सरकारनं केली काय!’ पोलिसांऐवजी बाजारानं आपला रखवालदार ठेवावा, ज्याला नको त्यानं पैसे देऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. ‘आणि पैसे न देणाऱ्याकडेच चोर आला तर?’ मी विचारायचो. ‘मंग दुसऱ्या दिवशी सोताच पैसे आनून देते तो!’ आणि हसत सुटायचे... मला सगळं पटायचं असं नाही. पण बैलावरून तंटा झाला की लोक कचेरीत न जाता त्यांच्याकडे येत. दोघांनी कबूल केल्याशिवाय ते तोंड उघडत नसत, आणि एकदा बोलले की हरलेलाही ऐके. न ऐकणाऱ्याशी बाजारात पुन्हा कोण सौदा करणार?

ते गेल्यावर शोकसभा घ्यायचं ठरलं. लढाईचे दिवस, जमावबंदी. सभेला परवाना हवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी...’ आणि स्वतः नेऊन दिला. कारकुनानं विचारलं, ‘सरकारविरुद्ध कोणी बोलणार नाही ना?’ सगळ्यांच्या वतीनं मी ‘नाही’ म्हणालो.

परवाना मिळाला. सभेत पुढच्या खुर्चीवर पोलीस जमादार बसला. आम्ही हबीबभाईंच्या दिलदारीबद्दल बोललो, त्यांच्या खाण्याच्या शौकाबद्दल बोललो, मीही बोललो. त्यांच्या मतांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लोक पांगल्यावर हबीबभाईंच्या बायकोनं, भाभींनी, पडद्याआडून मला विचारलं, ‘मास्तर, एवढा वेळ तुमी कोनाबद्दल बोलून राह्यले होते?’ मी चपला शोधत बसलो.

लिंबाखालची त्यांची बसायची जागा अजून कोणी घेतलेली नाही. परवाच्या बाजारात दोघे जण बैलावरून भांडत सवयीनं तिथंच आले. जागा रिकामी पाहून जवळच उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले. मग त्यांतला एक मला म्हणाला, ‘मास्तर, तुमी सांगा. तुमचं आमाले दोघायले कबूल हाय.’

पलीकडे जमादार पान खात उभा होता.

‘ठाण्यात जा,’ मी म्हणालो.